‘पोरांत कॉन्फिडन्स नाही’ म्हणणाऱ्यांस

डिसेंबर उजाडला की नगर जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत पाहुण्यांची ये-जा सुरू होते. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे; तोंडी अजून नगरच येतं.) कधी औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याचे मनुष्यबळ अधिकारी येतात, कधी पुण्याहून व्यक्तिमत्त्व विकासाचे प्रशिक्षक. भाषण कुठूनही सुरू होवो, येऊन थांबतं एकाच वाक्यावर : “आमच्या ग्रामीण पोरांत गुणवत्ता खूप आहे हो, पण कॉन्फिडन्स नाही.” पाथर्डी-शेवगावची, कर्जत-जामखेडची, अकोल्याच्या डोंगरातून आलेली पोरं मान खाली घालून हे ऐकून घेतात. मग तीन दिवसांची कार्यशाळा ठरते. हात कसा मिळवावा, नजरेला नजर कशी द्यावी, स्वतःची ओळख इंग्रजीत पाठ करून कशी म्हणावी. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली जातात.

शिकवायला लागल्यापासून मी हे वाक्य ऐकतो आहे. सुरुवातीची काही वर्षं मीही ते म्हणत असे, म्हणून त्याचा उगम मला कळतो. ते म्हणणाऱ्यांना मुलांविषयी कळवळा असतो, यात शंका नाही. तरीही ते वाक्य चूक आहे आणि मुलांचं नुकसान करणारं आहे. कामाच्या मागून जे येतं, ते या वाक्यात कामाच्या आधी मागितलं जातं. काम अंगावर पडावं लागतं, ते जमावं लागतं, आणि जमलं हे दुसऱ्या कुणीतरी पाहावं लागतं. त्यानंतर जे उरतं त्याला आपण आत्मविश्वास म्हणतो. आम्ही शिक्षकांनी आणि कारखानदारांनी पहिल्या तीन गोष्टी दिल्या नाहीत, आणि चौथी दिसत नाही म्हणून पोरांना बोल लावतो आहोत.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात सराव मुलाखती घ्यायला मला बोलावलं होतं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा आत आला. पाथर्डी तालुक्यातल्या गावचा, आईवडील दर हंगामात कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारे. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी इंग्रजीत स्वतःविषयी सांगायला सांगितलं. नाव आणि गाव झाल्यावर त्याची गाडी अडली. तुझ्या जमेच्या बाजू काय, उणिवा काय, या प्रश्नांवर तो कपाळ पुसत गप्प उभा राहिला. कागदावर शेरा पडला : आत्मविश्वास कमी.

दुपारी चहाच्या टपरीवर तो भेटला. सुट्टीत काय करतोस विचारलं तर म्हणाला, “मामाच्या दुकानात मोटारी भरतो, सर.” इतक्या मोटारी जळतात तरी कशा, हा प्रश्न मी सहज टाकला आणि पुढची पंधरा मिनिटं तोच बोलत होता. डीपीवर एक फ्यूज उडतो. तीन फेजांतले दोनच उरतात. मोटार नुसती घुमते, तापते. एक फेज जाताच मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर असता तर वाचली असती, पण शेतकऱ्याला रात्रीच्या लाइटीला पाणी धरायचं असतं, मधेच मोटार पडली तर तो कुठे विहिरीवर येणार, म्हणून त्यानं प्रिव्हेंटर काढून टाकलेला असतो. “स्टार जोडणीची मोटार खोलल्यावर दोन फेजच्या कॉइली काळ्या आणि एकीची चांगली दिसली ना, सर, की समजायचं एक फेज गेला होता. सगळ्या सारख्या काळ्या असल्या तर लोड जास्त पडला. मग नुसती मोटार भरून देऊन उपयोग नाही, पंप पण बघावा लागतो. नाहीतर आठ दिवसांत तीच मोटार परत येते.”

दोष शोधणं, पुराव्यावरून कारणाकडे जाणं, गिऱ्हाइकाची अडचण ओळखणं, आणि आपण केलेलं काम टिकेल का याची काळजी वाहणं. कारखान्यांच्या जाहिरातींत जे गुण मागितलेले असतात ते सगळे त्या मुलाच्या बोलण्यात होते. आवाज खणखणीत होता. सकाळी जो आत्मविश्वास ‘कमी’ होता तो दुपारी आला कुठून? तो सकाळीही त्याच्याजवळ होता. आमच्या प्रश्नाची दोरी तिथवर पोहोचली नाही.

याला प्रतिवाद म्हणून मला नेहमी मानसशास्त्राचे दाखले दिले जातात. आत्मविश्वास असलेले विद्यार्थी नोकरीसाठी अधिक सज्ज असतात, हे संशोधनानं सिद्ध झालं आहे, असं सांगितलं जातं. अशा संशोधनातल्या प्रश्नावल्या मी स्वतः भरून घेतलेल्या आहेत, म्हणून त्यांचं पोट मला ठाऊक आहे. एका पानावर विचारलेलं असतं, ‘मला माझ्या क्षमतेवर विश्वास आहे’. एक ते पाच यांपैकी आकड्याला गोल करा. पुढच्या पानावर, ‘मी नोकरीसाठी तयार आहे’. पुन्हा गोल करा. तोच मुलगा, तीच पेन्सिल, तीच दुपार. पहिल्या पानावर पाचाला गोल करणारा दुसऱ्या पानावरही पाचालाच करतो, यातून दोन उत्तरांचं नातं कळतं. मुलगा खरोखर तयार आहे का, हे त्यातून कळत नाही. ते त्याच्यासमोर काम ठेवल्यावरच कळेल. उलट जिनं वर्कशॉपमध्ये खरोखर लेथवर उभं राहून माप चुकवलेलं असतं ती मुलगी तीनाला गोल करते, कारण आपल्याला काय येत नाही याची तिला जाण आलेली असते. प्रश्नावलीत ती मागे पडते. मला कामाला माणूस निवडायचा झाला तर मी तिला निवडीन.

मानसशास्त्राचा आधार घ्यायचाच तर नीट घ्यावा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली या विषयावरचा मूळ लेख लिहिला. एखादं काम आपल्याला जमेल हा विश्वास कशातून येतो, याचे त्यांनी चार झरे सांगितले. ते काम पूर्वी स्वतः करून दाखवलेलं असणं. आपल्यासारख्याच दुसऱ्या कुणाला ते करताना पाहणं. ‘तुला जमेल’ असं कुणी सांगणं. आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. पहिला झरा सगळ्यांत बळकट. तिसरा कमजोर, कारण सांगण्यानं आलेला विश्वास पहिल्याच अपयशात ओसरतो. आमच्या कार्यशाळा मात्र जवळजवळ पूर्णपणे या तिसऱ्या झऱ्यावर चालतात. बांडुरांची आणखी एक गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही : हा विश्वास त्या-त्या कामापुरता असतो. मोटारीपुढचा विश्वास वेगळा, मुलाखतीच्या टेबलापुढचा वेगळा. माणसात ‘कॉन्फिडन्स’ नावाची एकच टाकी असावी आणि ती भरलेली किंवा रिकामी असावी, असं काही नसतं.

अशी टाकी भरण्याचा एक प्रयोग होऊनही गेला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं १९८६ साली लोकांचा आत्मसन्मान वाढवण्यासाठी सरकारी कृतिदल नेमलं होतं. आत्मसन्मान वाढला की अभ्यास सुधारेल, गुन्हे घटतील, व्यसनं कमी होतील, अशी आशा होती. पुढे २००३ साली रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवर झालेल्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. आत्मसन्मान वाढवल्यानं शाळेतली कामगिरी सुधारते याला पुरावा मिळाला नाही. कामगिरी चांगली झाली की आत्मसन्मान वाढतो, हे मात्र काही अंशी दिसलं. एका श्रीमंत राज्यानं आजमावलेला रस्ता आपण नगरच्या पोरांवर पुन्हा का आजमावावा?

पण कॅलिफोर्नियापर्यंत जायची गरजच नाही. या प्रश्नाचं उत्तर आपल्या जिल्ह्यात पन्नास वर्षांपासून उभं आहे, जामखेडला.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानं १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दुष्काळी तालुका. गावोगावी प्रशिक्षित नर्स नेमायच्या, हा पहिला विचार टिकला नाही. शिकलेल्या नर्स खेड्यात राहायला तयार होत नव्हत्या आणि गावालाही त्या परक्या वाटत. तेव्हा गावानंच आपल्यातली एक बाई निवडून द्यावी आणि तिलाच शिकवावं, असं ठरलं. आलेल्या बायकांपैकी बहुतेक निरक्षर होत्या, कितीतरी दलित होत्या, काही विधवा, काही टाकलेल्या. गावात ज्यांच्या शब्दाला काडीची किंमत नव्हती अशा. आजच्या भाषेत ‘कॉन्फिडन्स नाही’ हा शेरा त्यांच्याइतका कुणालाच लागू पडला नसता.

त्यांना काय दिलं? दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकणं आणि परत गावात जाऊन ते करणं. गरोदर बाईची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी, मुलांची वजनं, कुष्ठरोग आणि क्षय ओळखणं. शिकलेलं त्याच आठवड्यात गावात कामाला लागायचं. पुढच्या खेपेला ती काय घडलं ते सगळ्यांपुढे सांगायची, चुकलं असेल ते दुरुस्त व्हायचं, आणि बाकीच्या बायका एकमेकींकडून शिकायच्या. बांडुरांचे पहिले दोन झरे एका खोलीत वाहत होते, तेही बांडुरांचा लेख यायच्या आधीपासून. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ साली तिथे हजार जन्मांमागे १७६ बालमृत्यू होत. १९९०च्या दशकात तो आकडा ३०च्या खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ साली काढलेल्या पुस्तकात जामखेडचा अनुभव आला, १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायकांपैकी एक, मुक्ताबाई पोळ, पुढे वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत जाऊन बोलल्या.

इथे माझा प्रतिपक्षी म्हणेल, आणि त्याला तसा अधिकार आहे, की जामखेडमध्ये या बायकांशी आत्मसन्मानाबद्दलही बोललं जात होतं. तू बाई आहेस, दलित आहेस म्हणून कमी नाहीस, हे त्यांना आवर्जून सांगितलं जात होतं. खरं आहे. ते सांगणं गरजेचंही होतं, कारण जातीनं आणि नवऱ्यानं वर्षानुवर्षं उलटं सांगितलेलं होतं. पण ते सांगून त्यांना प्रमाणपत्र देऊन घरी पाठवलं नाही. हातात गावचं आरोग्य दिलं. ज्या सवर्ण घरात तिला ओसरीवरही घेत नसत, त्याच घरची सून अडली तेव्हा माणूस तिला बोलवायला आला. गावानं तिच्याकडे पाहण्याची नजर त्या रात्री बदलायला लागली. एखाद्या व्याख्यात्याला ते साधलं नसतं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव आता प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यक्रमात घेतलं जातं. शाळेची पायरी न चढलेली आदिवासी बाई, गावरान बियाण्यांची बँक उभी करते आणि २०२० साली पद्मश्रीसाठी निवडली जाते. मला भीती वाटते ती त्यांच्या गोष्टीतून काढल्या जाणाऱ्या धड्याची. ‘जिद्द असली की शिक्षण लागत नाही’ असं मुलांना सांगणं म्हणजे लबाडी आहे. राहीबाईंजवळ वालाच्या, भाताच्या वाणांचं ज्ञान होतं. कोणतं बी कुठल्या जमिनीत, कधी, कसं राखायचं याचं. बायफसारखी संस्था पाठीशी उभी राहिली. त्यांचा निर्भयपणा त्या ज्ञानात रुजलेला आहे. ज्ञान बाजूला काढून नुसती जिद्द मुलांपुढे ठेवली तर हाती पोस्टर येतं.

आणि बांडुरांचा दुसरा झरा, पाहण्याचा, त्याचीही नगरला जुनी ओळख आहे. मुलींची शाळा काढण्याआधी जोतीराव फुल्यांनी नगरला अमेरिकन मिशनरी मिस फरार यांची मुलींची शाळा डोळ्यांनी पाहिली होती; सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे त्याच मिस फरार यांच्या संस्थेत घेतले. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी खेड्यातल्या शाळांत शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे पाठ असावेत, असा आग्रह धरला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन मराठी मिशननं नगरलाच सर दिनशा पेटीट यांच्या नावानं औद्योगिक शाळा चालवली. सुतारकाम, धातुकाम, विणकाम. पुढे तिथले डी. सी. चर्चिल हे अभियंते हातमाग सुधारण्याच्या खटपटीत होते. हात आणि डोकं एकाच छपराखाली शिकतात, ही कल्पना या शहराला नवी नाही. आम्ही ती विसरलो.

‘मग बोलता आलं नाही तरी चालेल का?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. नाही चालणार. ज्याला आपलं काम सांगता येत नाही त्याचं श्रेय दुसरा नेतो, हे मी पाहिलं आहे. माझं म्हणणं एवढंच, की बोलणं हेही कौशल्य आहे आणि तेही करूनच येतं. पण बोलायला हाताशी विषय लागतो. टपरीवरच्या मुलाला विषय होता म्हणून वाचा फुटली. त्याला आधी त्याच्या भाषेत त्याच्या कामाबद्दल बोलू द्या, दहा वेळा बोलू द्या, प्रश्न विचारा, अडवा. मग तेच इंग्रजीत मांडायला शिकवा. कॉइल, फेज, लोड, स्टार्टर. निम्मे शब्द त्याच्याजवळ आहेतच. आम्ही उलट करतो. ज्या भाषेत तो विचार करत नाही त्या भाषेत, ज्या विषयावर कुणाजवळच सांगण्यासारखं काही नसतं त्या विषयावर, म्हणजे ‘माझ्या जमेच्या बाजू’ यावर, त्याला उभं करतो आणि भाषेची अडचण स्वभावाचा दोष म्हणून नोंदवतो. मुलींच्या बाबतीत हे जास्त होतं. जिला घरी सासर-माहेरच्या पुरुषांपुढे आवाज चढवायचा नाही असं वाढवलं, तिच्या हळू आवाजाला आम्ही मुलाखतीत गुण कापतो.

कारखान्यांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. नागापूरच्या किंवा सुप्याच्या वसाहतीतले व्यवस्थापक म्हणतात की मुलांना मायक्रोमीटर धरता येत नाही, ड्रॉइंग वाचता येत नाही, महिन्याभरात काम सोडून जातात. पहिल्या दोन तक्रारी खऱ्या आहेत, आणि त्यांचा आत्मविश्वासाशी संबंध नाही. तो आमचा गुन्हा आहे. आमच्या महाविद्यालयांत प्रात्यक्षिकाची वही वरच्या वर्गातल्या मुलाकडून उतरवून काढली जाते. प्रकल्प विकत मिळतो. यंत्र एक आणि मुलं साठ, त्यात शिपाईमामा बटण दाबतात आणि बाकीचे पाहतात. नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीत कार्यानुभव, ओजेटी, आणला. तो चांगलाच आहे, पण ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का मारून आणलेलं पत्र आम्ही डोळे मिटून फाइलला लावतो. या मुलांना तीन वर्षांत ‘हे मी केलं’ असं म्हणण्याजोगी एकही गोष्ट आम्ही करू दिलेली नसते. मग शेवटच्या तीन दिवसांत व्याख्याता आणतो.

तिसरी तक्रार मात्र मी परत पाठवतो. ठेकेदारामार्फत अकरा महिन्यांसाठी घेतलेला, पुढे काय याचं उत्तर नसलेला पोरगा टिकत नाही, यात त्याच्या मनाचा दुबळेपणा कुठे आला? नगरच्या वसाहतीत लूना मोपेड तयार होत होती त्या काळचे फिटर-टर्नर मला माहीत आहेत. आयटीआय करून आलेले, जुन्या उस्तादांच्या हाताखाली वर्ष-दोन वर्षं राबलेले. निवृत्तीनंतरही ते यंत्राच्या आवाजावरून बेअरिंग गेलं की नाही ते सांगतात. त्यांना कुणीतरी घडवलं, आणि घडायला वेळ दिला. राज्य सरकारनं २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना. कामाच्या जागी शिकणं, ही दिशा मला मान्य आहे. पण कार्यालयात झेरॉक्स काढण्यात महिने गेले तर पाठीशी काय उरतं, हे विचारलंच पाहिजे.

आणखी एक आकडा सगळे फेकतात : देशातले निम्मे तरुण नोकरीला अपात्र. केंद्राच्या २०२३-२४च्या आर्थिक पाहणीतही ५१.२५ टक्केच तरुण रोजगारक्षम असल्याचा उल्लेख आला. तो ज्या अहवालातून आला तो चाचण्या घेणाऱ्या एका कंपनीचा. ज्यांनी ती चाचणी दिली त्यांचे ते गुण. इंग्रजी, गणिती तर्क, संगणक यांची ती चाचणी. मोटार भरणारा मुलगा त्यात नापास झाला असता असं मला वाटतं. आणि समजा सगळे उत्तीर्ण झाले, तर जागा कुठे आहेत? २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. आमच्या तालुक्यांच्या गावी गल्लोगल्ली स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका निघाल्या आहेत, पहाटे पाचला तिथे दिवे लागलेले दिसतात. त्या मुलांच्या अंगी धीर कमी आहे असं म्हणायची माझी हिंमत होत नाही. पाच-पाच वर्षं नापास होऊन पुन्हा त्याच खुर्चीवर बसायला काय लागतं, ते त्यांनाच माहीत. राळेगणसिद्धीच्या शाळेनं नापास मुलांना मुद्दाम प्रवेश देऊन दाखवलं की शेरा पुसला की मूल चालू लागतं. आम्ही मात्र नवा शेरा शोधून काढला आणि तो पास झालेल्यांनाही लावला.

म्हणून जिल्ह्यातल्या प्राचार्यांना आणि प्लेसमेंट पाहणाऱ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे. या वर्षी त्या कार्यशाळेचे तीन दिवस आणि तिचं मानधन माझ्याकडे द्या. मी व्याख्याता आणणार नाही. बाजारपेठेतल्या वाइंडिंगच्या दुकानातून जळालेल्या चार मोटारी आणीन, राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या वाटेवरच्या एखाद्या गॅरेजातून बंद पडलेला फवारणी पंप आणीन, एखाद्या पतसंस्थेकडून ताळा न जुळलेली जुनी खतावणी मागून आणीन, वाणिज्याच्या मुलींसाठी. दोन दिवस मुलं ती खोलतील, चुकतील, पुन्हा जुळवतील. तिसऱ्या दिवशी मुलाखत घ्यायला येणाऱ्या साहेबांना खुर्च्या न देता त्या टेबलांभोवती उभं करायचं, आणि त्यांनी एकच प्रश्न विचारायचा, मराठीत : “यात काय बिघडलं होतं, आणि तुला ते कसं कळलं?”